गाळावरचं तेल

स्फाक्स, ५ ऑक्टोबर

सलूहा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. नूरी दर मंगळवारी ऑक्टोपस विकायला बोटीने इकडे येतो, त्याच्या हाती देईन. तुझाच भाऊ आहे, फोडून वाचणार नाही. वाचलं तरी त्याला माझं अक्षर लागणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुझ्या भाचीच्या साखरपुड्याच्या जेवणात तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. व्याह्यांच्या घरचं तेल मी पावाच्या तुकड्याने चाखत होतो. सगळं मेज माझ्या तोंडाकडे बघत होतं, शाझली काय म्हणतो म्हणून. आणि तू म्हणालीस, "आधी स्वतःच्या तोंडाचा वास घ्या. रांजणाच्या तळासारखा येतोय." लोक हसले. त्यानंतर तुमच्या केर्केना बेटावरची माणसं आणि ऑक्टोपसचा वास याबद्दल मी जे बोललो ते रागाच्या भरात. पण सुरुवात कुणी केली याची नोंद असावी. तू दुसऱ्या दिवशीच्या बोटीने माहेरी गेलीस, ते तुझं तू ठरवलंस.

तब्येत उत्तम आहे. झटक्यानंतरची सहा महिन्यांची रक्ततपासणी झाली. चांगलं कोलेस्ट्रॉल एकाहत्तर. प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, पन्नाशी उलटलेल्या पुरुषात एवढा आकडा त्याने क्वचित पाहिलाय. मी त्याला म्हणालो, तीस वर्षं रोज सकाळी बसीशाच्या भाजल्या पिठात स्वतःच्या घाण्याचं पहिलं ऑलिव्ह तेल कालवून खातोय, आकडा कुठे जाईल? त्याने तो कागदावर गोल करून दिला. बाकीचेही आकडे आहेत, पण ते किरकोळ.

घरी सगळं ठीक. बाहेरचं दार मी हल्ली नुसतं लोटून ठेवतो. मांजराला ये-जा करता येते.

शाझली


स्फाक्स, १२ ऑक्टोबर

सलूहा,

उत्तर म्हणून तू भावाकरवी निरोप पाठवलास. लिहायला काही हरकत नव्हती. निरोप नूरीने भर मासळीबाजारात सांगितला, तोही मोठ्याने.

"दाजी, ताई म्हणाली, मांजर मरून दोन वर्षं झाली."

"दुसरं आलंय."

"कोणत्या रंगाचं? ती विचारणार."

"राखाडी."

"बरं. राखाडी." तो हसला आणि ऑक्टोपस आपटत राहिला. "आणि म्हणाली, गोळ्या घेताय का ते विचार. खरं सांगतील तर त्यांच्या कपाळावर आठी येईल, खोटं सांगतील तर हसतील."

मी ना हसलो, ना आठी घातली. तुलाच लिहितो. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या घेतो. कोलेस्ट्रॉलची जुलैत बंद केली. पहिल्या प्रतीचं तेल कुणी पुन्हा गाळत नाही.

हे मी डॉक्टर रौधांनाही सांगितलं. बाई आपल्या मुलीच्या वयाच्या असत्या, आपल्याला मुलगी असती तर. त्यांनी माझा कागद हातात घेतला आणि गोल केलेल्या आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोट खालच्या ओळीवर ठेवलं.

"शाझलीसाहेब, हे वाचलंत?"

"वाचलं. किरकोळ आहे."

"शरीरात कुठेतरी दाह धुमसत असला की हा आकडा चढतो. दोनच्या खाली हवा होता. तुमचा जवळजवळ सात आहे. मागच्या वेळीही असाच होता."

"पण चांगलं कोलेस्ट्रॉल एकाहत्तर."

"म्हणूनच सांगतेय. ज्यांना एकदा झटका येऊन गेलाय आणि आत हा दाह आहे, त्यांनी चांगल्याच्या मोठ्या आकड्यावर विसंबू नये. अशा माणसांत तो ढाल होईलच असं नाही. काही अभ्यासांत उलट दिसलंय. आकडा मोठा, दाहही मोठा, आणि दुसरा झटका जास्त जणांना."

मी म्हणालो, चांगली वस्तू वाईट कशी वागेल? एक तर ती चांगली नव्हती, नाहीतर तुमचा अभ्यास कच्चा.

त्यांनी पेन ठेवलं. "वस्तू तीच असते. ज्या जागी राहते ती जागा तिला बदलते. कसं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही." मग कोलेस्ट्रॉलची गोळी पुन्हा लिहून दिली, म्हणाल्या ती दाहही उतरवते, आणि विचारलं, "कुठे काही दुखतं का? सांधे, पोट, लघवीची जळजळ, दात, कातडी?"

मी नाही म्हणालो.

शाझली

ता. क. तू नूरीबरोबर पाठवलेल्या पिशवीत मिठाचे खडे आणि लवंगा निघाल्या. गुळण्यांसाठी, असं नूरी म्हणाला. माझ्या हिरड्यांबद्दल मी तुला चकार शब्द लिहिलेला नव्हता.


स्फाक्स, २ नोव्हेंबर

सलूहा,

टाकी क्रमांक तीनचं तेल परत आलं.

तुला ती टाकी आठवत असेल. मागच्या हंगामातलं सगळ्यात चांगलं, थंड काढलेलं, एकाही तासाला सत्तावीस अंशांवर जाऊ न दिलेलं. ते मी वर्षअखेरीच्या परीक्षणासाठी राखून ठेवलं होतं. परीक्षक मंडळात आठजण असतात; सात शाळा-कॉलेजातून आलेले आणि आठवा मी, घाण्यावरून. या खेपेस तेल माझंच म्हणून मी बाहेर बसलो. सातांनी चाखलं आणि कागदावर एकच दोष लिहिला: गाळाचा वास.

मी घरी येऊन चाखायचा निळा पेला काढला, तळहातात धरून ऊब दिली, झाकण उचलून नाक घातलं. काही नाही. घोट घेऊन दातांमधून हवा ओढली. हिरवा बदाम, थोडा कडवटपणा, घशात तिखट चरका. गाळ कुठेच नाही. मी अम्मारला हाक मारली.

अम्मार माझ्याकडे एकोणीस वर्षं आहे आणि माझ्यासमोर कधी तेलाबद्दल मत देत नाही. त्याने पेला नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"बोल."

"काय बोलू, मालक."

"येतो का वास?"

"सगळ्यांना येतोय. गेल्या महिन्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रोज चाखत होता आणि मान डोलावत होता. मला वाटलं, माझंच नाक बिघडलं."

मी त्याला घरी जायला सांगितलं. शब्द याहून वाईट होते. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर आला, म्हणजे तो माझ्यापेक्षा बरा माणूस आहे. हे फक्त तुला लिहितोय.

मग टाकीचा तळ उघडला. बोटभर काळा गाळ. तेल निवळलं की वसंतात वरचं दुसऱ्या टाकीत काढून घ्यायचं असतं. खाली जो राहतो तो फळाचा मगज आणि पाणी, तो आंबतो, आणि वर कितीही निर्मळ तेल असो, त्याला तो हळूहळू आपल्यासारखं करतो. हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. एप्रिलमध्ये काढायचं होतं. एप्रिलमध्ये मी इस्पितळात छातीला तारा लावून पडलो होतो, अम्मार भेटायला आला आणि त्याने विचारलं, "तीन नंबरचं काढून घेऊ का?" तू पलंगाच्या उशाशी बसली होतीस. मी काय म्हणालो ते तू ऐकलंस. माझ्याशिवाय हात लावायचा नाही.

तेव्हा तू म्हणाली होतीस, "त्याला येतं की ते काम." मी अम्मारला परत पाठवलं होतं.

तेल पहिल्या प्रतीचं होतं, सलूहा. आजही कागदावर त्याची आम्लता उत्तम आहे. चांगला आकडा आणि खाली गाळ.

मला वास का आला नाही, याचा विचार मी दोन दिवस करतोय. ज्याच्या तोंडातच तो वास आहे त्याला तो पेल्यात सापडणार कसा? पुढचं वाक्य मी लिहिणार नाही. ते तुला लिहायची गरजही नाही, तू ते बारा माणसांत बोलून बसली आहेस.

शाझली


स्फाक्स, १६ नोव्हेंबर

सलूहा,

नवीन फळ यायला लागलंय. शम्लाली ऑलिव्हची झाडं यंदा लगडलीत. घाणा दिवसभर चालतो.

मधे एकदा जिना चढताना जरा कळ आली होती. डाव्या जबड्यात. दाढ आहे म्हणून लवंग धरली. बसलो, थोड्या वेळाने गेली. अम्मारने उगाच मोठं केलं आणि गाडी काढली. डॉक्टर रौधांनी हृदयाची पट्टी काढली, रक्त घेतलं, सोडून दिलं. काळजीचं कारण नाही. नूरीच्या कानावर काही आलं असेल तर तो बाजार आहे, तिथे शिंकलेल्याला मेलेला म्हणतात.

राखाडी मांजर ठीक आहे.

शाझली


स्फाक्स, ३० नोव्हेंबर

सलूहा,

मागचं पत्र फाडून टाक. नीट लिहितो.

त्या दिवशी टाकी धुऊन वर येत होतो. पाचव्या पायरीवर जबडा दुखायला लागला, डावा, गालापासून कानापर्यंत. मला वाटलं दाढ. तिथे वर्षभर ठणकतंय, हिरडीतून रक्त येतं, सकाळी उशीवर डाग असतो. तो मी उशी उलटी करून ठेवायचो आणि तुला दिसत नाही असं समजायचो. तर मी पायरीवर उभा राहिलो आणि लक्षात आलं की चढायचं थांबलो तसं दुखणंही थांबतंय. दाढ पायऱ्या मोजत नाही. मग गार घाम आला.

एप्रिलमध्येही जबड्यापासूनच सुरू झालं होतं. तेव्हाही मी लवंग धरली होती.

डॉक्टर म्हणाल्या, झटका नव्हता, पण हृदयाने दारावर थाप दिली आहे. जुलैपासून गोळी बंद होती हे त्यांना माहीत होतं; दाताचं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो, ते आता सांगावं लागलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उठल्या, टेबलावरचा टॉर्च घेतला आणि म्हणाल्या, "तोंड उघडा." हृदयाच्या डॉक्टरने तोंडात बघावं असं मी कुठे वाचलं नव्हतं. त्यांनी बघितलं आणि तोंड जरा बाजूला केलं. सौजन्याने केलं, पण केलं.

"हे किती दिवस आहे?"

"वर्ष. थोडं जास्त."

"लपवलंत कशासाठी?"

मी त्यांना जे सांगितलं ते तुलाही कधी सांगितलेलं नाही. वडिलांचे दात काढले तेव्हा त्यांना टाळूवर बसणारी कवळी दिली. त्या दिवसानंतर त्यांना तेल कळेनासं झालं. गिऱ्हाईक समोर असलं की ते पेला तोंडाला लावून माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचो, मग ते बोलायचे. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. शाळा सोडून घाण्यावर बसलो तो त्यांची जीभ म्हणून. त्यांनाही पहिला झटका येऊन गेला होता. दुसरा आला तो घाण्यापाशीच, मी फळ उतरवायला बाहेर गेलो होतो तेवढ्यात.

म्हणून मी दात राखले. जीभ राहिली की मी राहीन, असा हिशेब.

डॉक्टर म्हणाल्या, "दात काढल्याने दुसरा झटका टळेल असं वचन मी देत नाही. कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. पण आग कुठे आहे ते दिसत असताना ती तशीच ठेवायची नाही. गोळ्या चालू, घाणा बंद, आणि दात काढायचे. रक्ताच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत, दाताचे डॉक्टर सांभाळून घेतील." मग म्हणाल्या, "घरी कोण आहे?"

मी म्हणालो, बायको.

हे खोटं मी माझ्या फायद्यासाठी बोललो नाही. तोंडातून तेच आलं.

आज पहिली बैठक, वरच्या डाव्या बाजूच्या चार दाढा. पुढच्या आठवड्यात उजवीकडच्या, आणि मग कवळी. टाळू झाकणारी. तू हे वाचशील तेव्हा पहिल्या चार गेलेल्या असतील.

मी घाबरलोय, सलूहा. चिमट्याला नाही. दुपारी अंग टाकलं की मी स्वतःचा ठोका ऐकत पडतो आणि एखादा चुकला की पुढचा येईपर्यंत श्वास धरतो. जबड्यात कळ आली की ठरवता येत नाही, दाढ आहे की ते आहे. न्हाणीघराची कडी लावत नाही. आणि बाहेरचं दार लोटून ठेवतो, कारण मी आत पडलो तर अम्मारला ते फोडावं लागू नये. चांगल्या लाकडाचं आहे. मांजर नाही.

शाझली


स्फाक्स, १४ डिसेंबर

सलूहा,

दात निघाले. रक्त बरंच आलं, गोळ्यांमुळे, पण दातांच्या डॉक्टरांनी टाके घालून कापूस दाबून ठेवायला लावला आणि तासभर उठू दिलं नाही. त्यांनी मला विचारलं, "आजोबा, दुखतंय का?" मी आजोबा नाही, हे मला कापसामुळे सांगता आलं नाही.

घाणा मी बघत नाही. अम्मार बघतो. मी बाहेर खुर्चीवर बसतो आणि आवाज ऐकतो. त्याने परवा विचारलं, "मालक, निवळलं की पहिल्या टाकीतलं वरचं काढून घेऊ का?" मी म्हणालो, तुला वाटेल तेव्हा. त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. मग तो म्हणाला, "ताप आहे का तुम्हाला?"

कवळी आली. तोंडात दुसऱ्याचं ताट ठेवल्यासारखं वाटतं. नवं तेल पेल्यात घेतलं, ऊब दिली, घोट घेतला, हवा ओढली. ओलं होतं. एवढंच कळलं. नाकाला काहीतरी हिरवं लागलं, पण ते मला वाटलं की खरंच होतं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणतात, जखमा भरल्या की थोडं परत येईल. थोडं.

रक्त पुन्हा तपासलं. दाहाचा आकडा तीनच्या जवळ आला आहे. खाली यायला अजून वेळ लागेल, पुन्हा वरही जाऊ शकतो. चांगल्याचा आकडा सत्तर. डॉक्टरांनी या खेपेसही त्याच्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

नूरीबरोबर दोन बाटल्या पाठवतोय. एकीला पांढरा दोरा आहे, दुसरीला काळा. काय काय आहे ते लिहीत नाही. तू चाख आणि सांग. परीक्षकांची चिठ्ठी मला नको. ज्या नाकाने सगळ्यांआधी सांगितलं ते नाक काय म्हणतंय तेवढं हवं.

शाझली


स्फाक्स, २१ डिसेंबर, घाईत

सलूहा,

नूरी दाराशी उभा आहे, त्याची बोट सुटायची आहे, म्हणून उभ्याउभ्या लिहितोय.

बाटल्या त्याने परत आणल्या. पांढऱ्या दोऱ्याची अर्धी रिकामी. काळ्या दोऱ्याची जशीच्या तशी. मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, पांढरीतलं यंदाचं आहे, चांगलं आहे, तिखट जरा कमी, फळ दोन दिवस उशिरा दळलंय. ते आम्ही पावाबरोबर खाल्लं."

अम्मारला विचारलं. दोन दिवस पाऊस होता, फळ पडून राहिलं होतं.

"आणि काळी?"

"काळी म्हणे मागच्या वर्षीची. वास घेतला आणि बाजूला ठेवली. म्हणाली, दाजींना सांग, आजारी माणसाने बायकोची परीक्षा घेऊ नये."

मग तो खिसे चाचपत म्हणाला, "अजून एक होतं. हां. दाराला कुलूप लावायला सांगितलंय. उघडं दार ठेवून झोपू नका म्हणाली. तिची किल्ली तिच्याकडेच आहे, नेली होती ती. शुक्रवारच्या बोटीने येईन म्हणाली, पण बोट उशिरा लागते, तर दारात ताटकळत बसू नका."

हे तो जाता जाता सांगत होता, माशांचा भाव सांगावा तसं.

तर उत्तर एवढंच. दाराला आजपासून कुलूप लावतोय. जबड्यात सकाळी थोडं दुखलं, टाक्यांचं असावं, असावं म्हणतोय. गोळ्या घेतल्या. छाती शांत आहे, निदान हे लिहीपर्यंत.

आणि एक. आपलं कुलूप जुनं आहे. आत किल्ली राहिली की बाहेरून दुसरी फिरत नाही. म्हणून माझी काढून खिळ्याला टांगली आहे.

शाझली